गॅस भरायची डिग्री

आण्णा, मग आता बोला. पाना धरणाऱ्याला डिग्री नसते म्हणून माझं डोकं खाल्लंत, आणि इथं तर डिग्री निघाली आहे. चांगली तीन वर्षांची. बी.ए. असते, बी.कॉम. असते, तशी बी.व्होक. म्हणून असते, आणि ती फ्रिज-एसीच्या कामातसुद्धा मिळते. गळती शोधायची, तांब्याच्या नळीला जोड मारायचा, गॅस भरायचा, आणि शेवटी काळा झगा घालून, टोपी हवेत उडवून फोटो काढायचा. ज्या कामापायी मी तुमच्या हातचा मार खाल्ला, त्या कामाला आता हॉल तिकीट आहे, वर्गात हजेरी आहे आणि नापास व्हायची सोयसुद्धा आहे. तुम्ही आणखी थोडं थांबला असतात तर हे तुमच्या तोंडावर सांगितलं असतं. आता इथं बेंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या एका टोलेजंग सोसायटीच्या गेटवर व्हॅनमध्ये बसून फोनवर टाइप करतोय. वरच्या मॅडमनी गेटवाल्याला होकार दिल्याशिवाय मला आत सोडत नाहीत, आणि मॅडम मीटिंगमध्ये आहेत. म्हणजे आपल्याला भांडायला भरपूर वेळ आहे.

ही डिग्री घ्यायला मी निघालो नाही, घाबरू नका. नववी नापासाला तिथं कोण उभं करतंय? तुमची लेक निघाली आहे.

आधी जुना हिशेब. तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी आठवीत आहे. तुम्ही जेवायला घरी गेलाय आणि एसटी स्टँडसमोरचा मिठाईवाला छाती बडवत आपल्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात आलाय. त्याचा डीप फ्रीझर बंद पडलाय आणि आत लग्नाच्या ऑर्डरचा खवा आहे. मी शाळेच्या चड्डीवरच धावत गेलो. रिले उडाला होता. आपल्या डब्यातला एक काढून बसवला, फ्रीझर गुरगुरायला लागला, मिठाईवाल्यानं मला पावशेर पेढे बांधून दिले. तुम्ही आलात, पेढे बघितलेत, तडक त्याच्या दुकानात गेलात. फ्रीझरला डॉक्टरासारखा कान लावलात, वायरी ओढून बघितल्यात, बोट फिरवलंत. काही चूक सापडेना. परत आलात आणि माझ्या कानाखाली वाजवलीत. मी रडत म्हटलं, "बरोबर केलं तर मारता कशाला?" तर तुम्ही म्हणालात, "बरोबर केलंस म्हणूनच मारतोय. चुकला असतास तर शाळेत तरी गेला असतास." आणि मग उरलेले पेढे तुम्हीच बसून खाल्लेत. ते मला त्या चापटीपेक्षा जास्त लागलं.

त्याच आठवड्यात तुम्ही कुठल्याशा पतसंस्थेच्या लिलावातनं ती फिरती खुर्ची आणलीत. साहेबाची खुर्ची. "हिच्यावर बसायची सवय लाव," म्हणालात, "बूड एका जागी टेकलं की डोकं आपोआप चालतं." माझं बूड कुठं टेकतंय? ती खुर्ची दांडा ओढला की वर जाते आणि दाबला की खाली येते, हे काय प्रकरण आहे ते बघितल्याशिवाय मला जेवण जाईना. रविवारी तुम्ही बाजारात गेलात आणि मी ती खोलली. आत गॅसचं नळकांडं निघालं. बघा, खुर्चीतसुद्धा गॅसच. पुन्हा जोडली, पण त्यानंतर ती वर गेली ती खाली यायचं नावच घेईना. गिऱ्हाईक बसलं की त्याचे पाय लोंबकळायचे. तुम्ही कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत. शेवटी धाकटीनं ती खुर्ची बळकावली. ती तेव्हा एवढीशी होती. उंचावर बसून पाय हलवत गृहपाठ करायची आणि आपल्या दोघांची भांडणं बघायची. ती आणखी काय काय बघत होती, ते मात्र आपल्या दोघांनाही कळलं नाही.

तर यंदा ती बारावी झाली. आईनं व्हिडिओ कॉल लावला. आईच्या कॉलमध्ये नेहमी छत दिसतं आणि मधूनच एक कान. त्या छतातनं आवाज आला, "ऐकलंस का तुझ्या बहिणीचं? म्हणते एसी दुरुस्तीचं कॉलेज करणार. पोरगी गच्च्यांवर चढणार, खिडकीबाहेर लोंबकळणार, हिच्याशी लग्न कोण करणार?" मागनं धाकटीचा आवाज, "ज्याच्या घरी एसी बिघडलाय तो." मग तिनं फोन हिसकावून घेतला आणि मला सगळं समजावलं. एक वर्ष करून सोडलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनी सोडलं तर वरचा डिप्लोमा, तिन्ही केली तर डिग्री. मधल्या कुठल्याही स्टॉपवर उतरलं तरी हातात काहीतरी कागद देतात. आण्णा, असली शाळा आमच्या वेळी असती तर मी निदान दुसऱ्या स्टॉपपर्यंत आलो असतो.

मी तिला म्हटलं, "अगं, तीन वर्षं कशाला? माझ्याबरोबर सहा महिने फिर, सगळं शिकवतो." ती म्हणाली, "दादा, तू गॅस भरतोस. तो गॅस तिथंच का भरायचा, तेवढाच का भरायचा, हे तुला विचारलं तर तू काय म्हणतोस? 'गेज बघून कळतं.' मला गेजच्या मागचं कळायला पाहिजे." गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या मागं काटा असतो, एवढंच मला माहीत आहे.

तिनं तीन कॉलेजं काढली होती. एक आपल्या कोल्हापूरच्या बाजूचं, ते ती स्वतः जाऊन बघणार होती. दोन बेंगळुरूतली, ती माझ्या गळ्यात पडली. "फी विचार, हॉस्टेल विचार, विद्यापीठ कुठलं ते विचार, आणि शेवटच्या वर्षी कामाला कुठं पाठवतात ते नक्की विचार," असं तिनं बजावून सांगितलं. मी म्हटलं, हे काय मोठं काम आहे? रोज वीस माणसांच्या घरात शिरतो मी.

पहिलं कॉलेज सर्जापूर रोडला. चकाचक काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान. मी दोन कामांच्या मधे वेळ काढून गेलो, त्यामुळं अंगात कंपनीचा टी-शर्ट आणि खांद्यावर टूल बॅग. वॉचमननं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "एसी? थर्ड फ्लोर, अण्णा." इथं सगळे सगळ्यांना अण्णा म्हणतात. रिक्षावाला मला अण्णा, मी रिक्षावाल्याला अण्णा. पहिले काही महिने मी असं कुणी हाक मारली की मागं वळून बघायचो, तुम्ही आलात की काय म्हणून. ते असू द्या. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथं अॅडमिशनच्या केबिनमध्ये टाय घातलेला एक पोरगा घामानं निथळत बसलेला. मला बघून त्याचा जीव भांड्यात पडला. "कितनी देर लगाई भैया! सुबह से कंप्लेंट डाला है." आता मी सांगायला पाहिजे होतं की मी चौकशीला आलोय. पण आण्णा, डोक्यावर एसी खर्रखर्र करत होता. तसला आवाज ऐकून मला बोलायला सुचत नाही, हा तुमचाच वारसा. मी स्टूलवर चढलो. फिल्टर काढला तर त्याच्यावर गोधडी शिवता येईल एवढी धूळ. बेसिनमध्ये धुतला, ड्रेनचा पाइप फुंकून मोकळा केला, बसवला. गार हवा सुटली. पोरगा डोळे मिटून म्हणाला, "थँक्स भैया, कितना हुआ?" मी म्हटलं, "बहन का एडमिशन."

त्यानं डोळे उघडले. मग एकदम खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं, मला सर म्हणायला लागला, आणि एका दमात इंग्रजीतनं जे काही बोलला त्यातलं मला 'ग्लोबल' एवढंच कळलं. मी मान हलवत होतो, पण माझं सगळं लक्ष वर. पंख्याचा बॅलन्स गेला होता, तोही बघायला पाहिजे होता. तेवढ्यात पुढच्या कामाचा फोन आला आणि मी निघालो. संध्याकाळी धाकटीनं विचारलं, "फी किती?" मी म्हटलं, "फिल्टर चोकअप होता." "हॉस्टेल?" "ड्रेनमध्ये शेवाळ." "दादा, विद्यापीठ कुठलं?" मी म्हटलं, "हे बघ, ज्या कॉलेजात एसी शिकवतात त्याच कॉलेजाचा एसी बंद, तिथं तुला घालायचं नाही, विषय संपला." ती म्हणाली, "डॉक्टरला सर्दी झाली म्हणून तू दवाखाना बदलतोस का? आणि तिथला एसी पोरांनी नाही बिघडवलेला, तुझ्याच कंपनीनं बसवलेला असणार." मी तिला सांगितलं नाही, पण युनिटवर आमचाच स्टिकर होता. शेवटी तिनंच फोन करून फी विचारली. ती ऐकल्यावर ते कॉलेज आपोआपच कटलं.

दुसरं मल्लेश्वरमला. तिथं माझी एक अक्का आहे. म्हणजे गिऱ्हाईकच, पण त्यांच्या घरी वर्षातनं दोनदा सर्व्हिसिंगला जातो आणि दर वेळी कॉफी प्यायल्याशिवाय सुटका नाही. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून इथलंच, घरात मराठी बोलतात, पण ती आपली मराठी नव्हे. बरं म्हणायचं तिथं सरी म्हणतात, थोडं म्हणायचं तिथं स्वल्प. पहिल्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तुमचं मराठी भांडल्यासारखं आहे रे, तम्मा. पाणी मागतोस तरी वाटतं रागावलास." तम्मा म्हणजे इथं धाकटा भाऊ. मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडं रागावल्यावर कसं बोलतात ते तुम्ही ऐकलं नाही अजून." त्यांना मी कॉलेजचं सांगितलं. त्या त्याच कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या, त्यांना तिथली सगळी माहिती. म्हणाल्या, "चांगलं आहे ते. जुनं आहे, दिखावा नाही. आणि पोर कुठं राहणार? वरची खोली रिकामीच पडलेली आहे. स्वल्प साफ केली की झालं."

या खेपेला मी टूल बॅग व्हॅनमध्ये ठेवून, घरचा शर्ट घालून गेलो. प्रश्न तोंडपाठ करून गेलो. वर्कशॉपमध्ये पोटं फाडलेले फ्रिज ओळीनं ठेवलेले, टेबलं जळलेली, पोरं खाली मान घालून जोड मारतायत, आणि मास्तर एकाला कन्नडात असा झापत होता की मला एकदम आपल्या दुकानात आल्यासारखं वाटलं. फी बेताची. मेट्रो दारात. शेवटच्या वर्षी कामाला कुठं पाठवता विचारलं, तर त्यांनी घरोघरी सर्व्हिसिंग करणाऱ्या कंपन्यांची नावं सांगितली आणि त्यात माझी कंपनी! आण्णा, मी जिने उतरताना शीळ घालत होतो. मी खोलीवर येऊन निम्मी मांडणी मोकळी केली. ती राहणार अक्कांकडं, मांडणी माझ्या खोलीतली, कशासाठी मोकळी केली माहीत नाही. रविवारी येईल, सामान ठेवील, असं काहीतरी. रूममधला नागपूरकर पोरगा म्हणाला, "काय बे, लग्न ठरलं का?"

धाकटीला सगळं सांगितलं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं, एकही चुकलं नाही. मग ती म्हणाली, "दादा, कोल्हापूरवाल्यांचं बघून आले मी. इमारत भाड्याची आहे, वर्गात गळतं. हॉस्टेल नर्सिंगच्या पोरींबरोबर आहे."

"मग सोड ते," मी म्हटलं.

"पण शेवटचं वर्ष दूध डेअरीत. शीतगृहात. मोठे प्लँट, अमोनियाचे."

"अमोनिया म्हणजे खेळ नव्हे, गळला तर माणूस गुदमरतो."

"म्हणून तर शिकून जायचं. तू न शिकता काम करतोस आणि दोनदा शॉक खाल्लायस."

"तुला काय माहीत शीतगृहातलं? कधी बघितलंयस?"

तेव्हा तिनं सांगितलं. तुम्ही तिला स्कूटरवर पुढं उभी करून गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर न्यायचा. आई शेतावर मजुरीला, मी नववी नापास होऊन घरातनं पळालेला, तिला सांभाळणार कोण? तुम्ही दुधाच्या कूलरखाली आडवे झोपायचा आणि ती बॅटरी धरायची. पान्याचे नंबर तिला पाढ्यांच्या आधी पाठ होते. तुम्ही कंप्रेसरवर तिचा हात ठेवायचा आणि विचारायचा, "काय म्हणतोय?" आणि ती सांगायची, "दम लागलाय त्याला." तुम्ही हसायचा. "आण्णांनी मला कधी दुकानातनं हाकललं नाही," ती म्हणाली. "मला तेच काम पाहिजे, दादा. लोकांच्या बेडरूममध्ये स्टूलवर चढायचं नाही. दूध गार ठेवायचं आहे."

धन्य आहे तुमची. एवढा पहारा दिलात, पण चुकीच्या पोरावर. मला पान्याजवळ फिरकू दिलं नाहीत आणि जिच्यावर डोळा ठेवायला पाहिजे होता तिच्याच हातात बॅटरी दिलीत. पोरगी आहे, ती काय पाना धरणार, असं वाटलं ना? का माहीत होतं तुम्हाला? हे मला खरंच विचारायचं आहे. तुम्ही तिच्याकडं बघून हसायचा ते कौतुक होतं की नुसता विरंगुळा, हे तीसुद्धा सांगू शकली नाही. माझ्याशी तर तुम्ही असे कधी बोललाच नाहीत. मला कुणी विचारलं नाही, कंप्रेसर काय म्हणतोय. मीही सांगितलं असतं. बरोबर सांगितलं असतं, आणि मार खाल्ला असता.

मी तरीही हटलो नाही. म्हटलं, इथली हवा बघ, डोसा बघ, मेट्रो बघ, अक्का किती चांगल्या आहेत बघ. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी तिकडं कशाला पाहिजे तुला? खरं सांग." मी म्हटलं, "नेटवर्क जातंय," आणि फोन ठेवला. फुल नेटवर्क होतं.

दोन दिवस मी तिचे फोन घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं लावला. छत दिसलं. आई म्हणाली, "तिला डेअरीवालं नको म्हणालास म्हणे. डेअरीत काय वाईट आहे? सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. गच्ची नाही काही नाही." म्हणजे आई फुटली होती. पोरीनं आईला आधीच गार करून ठेवलं होतं, म्हणूनच म्हणतो, या धंद्यात ती आपल्या दोघांच्याही पुढं जाणार. मी धाकटीला मेसेज केला, "कोल्हापूर घे." तिनं अंगठा पाठवला. मग थोड्या वेळानं, "हॉस्टेलच्या पोरी म्हणतात खोलीत एसी नाही. दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघं बसवू." मी म्हटलं, "मी कनेक्शन करीन, तू बॅटरी धर." ती म्हणाली, "उलट."

अक्कांना सांगायला गेलो. म्हटलं, वरची खोली नको, बहीण तिकडंच शिकणार. त्यांनी कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "सरी. पोरीचं चांगलंच झालं. मग तू का असा तोंड पाडून बसलास, तम्मा?" मी म्हटलं, "नाही, तुमचा एसी जरा आवाज करतोय." त्या म्हणाल्या, "तो बंद आहे रे."

मॅडमची मीटिंग संपली वाटतं, गेटवाला हात करतोय. हे मी कुठं पाठवणार? तुमचा नंबर अजून फोनमध्ये आहे, पण तो आता कुणा टेम्पोवाल्याला मिळालाय, फोटोत टेम्पोला हार घातलेला दिसतो. त्याला हे सगळं गेलं तर तो बिचारा घाबरून स्वतःच्या पोराला शाळेतनं काढेल. तेव्हा राहू दे इथंच. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगतो, तिला सांगू शकलो नाही. मल्लेश्वरमचं कॉलेज चांगलं होतं, पण मला ते आवडलं ते काही वर्कशॉपमुळं नव्हे. इथं मला दिवसभर लोक अण्णा म्हणतात, भैया म्हणतात, सर म्हणतात. दादा म्हणून भांडणारं कुणीतरी जवळ हवं होतं, एवढंच. पहिल्या सहामाहीची फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, आणि तिनं मागितलेला नाही, मीच घालतोय असा एक चांगल्यातला गेजचा सेट, मिळून आत्ता तिच्या खात्यावर पाठवतोय: एक्केचाळीस हजार पाचशे रुपये.